मावशींचा पगार कोणत्या रकान्यात?

खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या घरी महिन्याचा सर्वांत मोठा खर्च गोळ्यांचा नसतो, डॉक्टरांच्या फीचाही नसतो. तो असतो नर्सिंग ब्युरोतून आलेल्या मावशींचा. कूस बदलणं, अंग पुसणं, डायपर बदलणं, मऊ भात भरवणं, पाठीला जखमा होऊ न देणं, हे सगळं त्या करतात. 24 तासांच्या मावशींचे महिन्याला 25 हजार धरले, तरी वर्षाचे 3 लाख झाले. आता आयकराचं विवरणपत्र उघडा आणि या 3 लाखांसाठी रकाना शोधा. सापडणार नाही.

कलम 80डी बघा. ज्येष्ठांचा आरोग्यविमा नसेल तर वैद्यकीय खर्चावर वर्षाला 50 हजारांपर्यंत वजावट मिळते. उपचाराचे पैसे रोख दिलेले चालत नाहीत. पण वैद्यकीय खर्चात काय काय धरायचं, हे कलम सांगत नाही. केमिस्टचं बिल बिनघोर जोडता येतं, मावशींच्या पगारापाशी सीए थांबतो. 80डीडीबीमध्ये ज्येष्ठांसाठी मर्यादा 1 लाखाची, पण आजारांची यादी ठरलेली: कॅन्सर, निकामी मूत्रपिंडं, पार्किन्सन्स, डिमेन्शिया वगैरे. त्यातही मेंदूच्या आजारांत 40 टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. मोडलेलं हाड या यादीत नाही.

शुश्रूषेचा स्पष्ट उल्लेख 80डीडीमध्ये आहे. आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांसाठी 40 टक्के अपंगत्वाला 75 हजार आणि 80 टक्क्यांपासून पुढे सव्वा लाख, खर्च कमी झाला असला तरी पूर्ण वजावट. वडिलांना पेन्शन असेल आणि ते मुलावर अवलंबून नसतील, तर त्यांनी स्वतः 80यूखाली तेवढीच रक्कम मागावी. अर्धांगवायूने घरी पडून असलेल्यांच्या कुटुंबांनी अपंगत्वाचा दाखला आजच काढायला घ्यावा. दाखला नाही म्हणून हक्काची वजावट सोडू नये.

पण हे सगळं जुन्या करप्रणालीत. 2023-24 पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिथे ही चारही कलमं पुसली जातात. संसदेने 2025 मध्ये नवा आयकर कायदा केला, भाषा सोपी केली, कलमं कमी केली. घरच्या शुश्रूषेसाठी मात्र त्यात वेगळी जागा केली नाही.

हेच सरकार 2007 च्या कायद्याने मुलांना बजावतं की आईवडिलांना सांभाळा. वाऱ्यावर सोडलंत तर 3 महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. हे बजावणं योग्यच आहे. पण जे सांभाळतात, त्यांचा त्यासाठीचा खर्च करआकारणीच्या वेळी हौसेच्या खर्चासारखा का मोजायचा? त्याच मावशी खासगी नर्सिंग होममध्ये कामाला लागल्या, तर त्यांचा पगार मालकाच्या नफ्यातून वजा होतो. घरी तेच काम, तेवढाच पगार, आणि नव्या प्रणालीत वजावट शून्य. हा सरळ अन्याय आहे.

कोणी म्हणेल, नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत कर नाहीच, मग तक्रार कसली? ज्यांना कर नाही, त्यांना या वजावटीचा उपयोग नाही, हे खरं. त्यांना वस्तीपातळीवरची शुश्रूषासेवा हवी आणि ती सरकारनेच उभी केली पाहिजे. पण 15 लाखांच्या पगारातले 3 लाख मावशींना देणाऱ्या लेकीच्या हातात ते 3 लाख राहिलेलेच नसतात. त्यावर कर घेणं म्हणजे तिच्या हाती न उरलेल्या पैशांवर कर घेणं.

खोट्या पावत्यांची भीती असेल, तर अटी घाला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागा, पगार बँकेतूनच जायला हवा असं म्हणा. यात मावशींचाही फायदा आहे: खात्यावर पगार दिसला की कर्ज मागताना त्यांच्या हातात पुरावा असेल.

अर्थसंकल्पाआधी अर्थखातं नागरिकांच्या सूचना मागवतं. ज्येष्ठ नागरिक संघांच्या फेस्कॉम या महासंघाने आणि गावोगावच्या संघांनी या वेळी एकच मागणी लावून धरावी: अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या घरच्या शुश्रूषेचा पगार, वर्षाला 3 लाखांपर्यंत, दोन्ही करप्रणालींत वजा व्हावा.