शेपटीतल्या ‘एम’ला अनावृत पत्र

श्री. रा. रा. ‘एम’ यांस,
मु. पो. गोव्यातल्या गावांचं शेपूट

सा. न. वि. वि.

परवा बांद्याहून निघून पत्रादेवीचा नाका ओलांडला आणि मोबाइलच्या नकाशातली बाई ठसक्यात म्हणाली, ‘पेर्नेम’. मागे बसलेली मावशी दचकली. ‘खंय इलंव रे आपण?’ तिचं माहेर पेडण्याचं. सत्तर वर्षांत प्रथमच ती स्वतःच्या गावात परकी झाली. अभिनंदन!

आपली कामगिरी एका गावापुरती नाही. सांग्याचं सांगुएम, केप्याचं क्वेपेम, शिवोलीचं सिओलिम, डिचोलीचं बिचोलिम. (‘डि’चा ‘बि’ आपल्या माथी मारत नाही. पेडण्याच्या आणि मडगावच्या ‘ड’वर बसलेले आपले सहकारी ‘आर’ यांनाही वेगळं पत्र लिहीन.) एस्टीचा कंडक्टर ‘पेडण्याक?’ विचारतो, तेव्हा नाव कसं लवतं! पेडण्याला जावं, पेडण्यात राहावं, पेडण्याहून यावं. ‘पेर्नेम’ मात्र विभक्तीपुढे मान ताठ. घरचं नाव वाकतं, पाहुणा वाकत नाही.

खरं तर आपली नेमणूक फार साधी होती. ‘पेडणें’मधला शेवटचा स्वर नाकातून जातो, हे पोर्तुगीज कारकुनाने नीट ऐकलं. त्याच्या भाषेत शब्दाअखेरचा ‘एम’ म्हणजे तेवढीच खूण. तिथे ओठ मिटायचे नसतात. म्हणजे आपण निव्वळ अनुस्वार होतात, टोपी घातलेला. पुढे इंग्रजी शिकलेले आम्ही आलो, पाटी वाचली आणि ओठ गच्च मिटले. मग तेच देवनागरीत लिहून दुकानावर टांगलं. नाकातलं काम आपण ओठावर आणलंत, की आम्ही आणलं, हा वाद सध्या बाजूला ठेवू.

कारण आमचंही एक लफडं आहे. 19 डिसेंबर 1961 ला आपले धनी गोव्यातून गेले. पुढच्याच वर्षी मराठीच्या नव्या शुद्धलेखनाने न उच्चारले जाणारे अनुस्वार झाडून टाकले आणि ‘पेडणें’चं टिंब केरात गेलं. कोंकणीने ते जपलं. आम्ही स्वहस्ते पुसलेल्या त्या टिंबाची जागा परक्या लिपीत आपण इमानाने धरून बसला आहात. गुन्हेगारच साक्षीदार निघावा, असा हा खटला.

तेव्हा राहा खुशाल. ओठ तेवढे मिटू नका.

आपला,
पेडण्याचा भाचा