पंच्याऐंशी सेंटिमीटर

लेकराची उंची वाढली म्हणून हळहळणारा बाप मी एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. अंगणवाडीच्या ताई भाच्याला भिंतीशी उभं करून "छान उंची धरलीय हो" म्हणाल्या की अक्का हरखते, आजी त्याची दृष्ट काढते आणि दाजी पडेल चेहऱ्यानं विचारतात, "पायात चप्पल तर नव्हती ना?"

याला कारण वंडरला. हैदराबादच्या बाहेर रविर्यालला २०१६ साली हे पार्क सुरू झालं. तिथं पोरांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर. ८५ सेंटिमीटरच्या आत फुकट, पुढं १४० पर्यंत सवलत. हा नियम दाजींच्या कानावर आला तेव्हा भाचा ८३ वर होता. "दोन सेंटिमीटर हातात आहेत, पाव्हणे," दाजी फोनवर म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी चौकटीवर खडूची रेघ ओढली गेली.

दाजी हिंगोलीच्या हळद मार्केटात एका आडतीवर मुनीम. कट्ट्यातली कांडी मोडून तिच्या आवाजावरून ओल सांगणारा माणूस. दिवसभर हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या, रात्री त्याच वहीच्या पाठकोऱ्या पानांवर सहलीची पट्टी करायची. कोणी त्यांना चिकट म्हणतं, ते मला पटत नाही. चिकट माणूस मुळात जातच नाही. दाजींना तर जायचंच आहे. लहानपणी टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागली की हे घरात लोळण घ्यायचे. १९८९ साली मुंबईत गोराईला निघालेलं ते पार्क. वडिलांनी "पुढच्या वर्षी" म्हणत म्हणत यांना औंढा, नरसी आणि शेगावचं आनंदसागर दाखवलं. एस्सेलवर्ल्ड तेवढं राहिलं आणि शेवटी बंदही पडलं. पोराच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही हा दाजींचा निर्धार आहे. पैसेही बाजूला काढून ठेवलेत. फक्त सरकारनं किंवा कंपनीनं दिलेली एकही सवलत वाया गेलेली त्यांना खपत नाही.

८३ चे ८४ झाले ते हळदीच्या हंगामात. एप्रिल-मेमध्ये मार्केटाबाहेर गाड्यांची रांग लागते, त्यात मुनीम रजा मागेल तर मालक त्याचीच पट्टी करील. आजी पोराला दुधात तूप घालून देत होती. दाजी दारात उभे राहून "आई, जरा बेतानं" म्हणत होते. तिसरं वर्ष लागल्यावर औंढ्याला जावळ काढलं. नातेवाईक नागनाथाला हात जोडत असताना दाजींनी टेप काढला. अर्धा सेंटिमीटर वाचला होता. तो पंधरा दिवस पुरला.

फुकटाची उंची गेली तेव्हा दाजींना दुसरीच गोष्ट कळली. तिथल्या बऱ्याच मोठ्या पाळण्यांत १४० सेंटिमीटरच्या खालच्याला बसूच देत नाहीत. म्हणजे फुकट नेला असता तरी पोरानं वर फिरणाऱ्यांना टाटाच केला असता. दुसरा कोणी यावर वही मिटवता. दाजींनी पान उलटलं आणि वर लिहिलं : प्रवास.

हिंगोलीहून काचीगुड्याला सरळ गाडी आहे, नरखेडवाली. पाच वर्षांखालच्या पोराला रेल्वेत तिकीट नाही. पाच ते बारापर्यंत स्वतंत्र जागा नको असेल तर अर्धं. हवी असेल तर पूर्ण, हा २०१६ चा नियम दाजींना तोंडपाठ. पण ज्येष्ठांची सवलत रेल्वेनं मार्च २०२० मध्ये थांबवली, त्याचा राग म्हणून दाजी एसटीकडं वळले. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं. दाजींच्या आई त्र्याहत्तरच्या. त्या बाई म्हणून अर्ध्या तिकिटात आणि पासष्टीपुढच्या म्हणूनही अर्ध्या तिकिटात. "दोन अर्ध्या सवलती, म्हणजे पूर्ण माफ व्हायला पाहिजे का नाही?" हा प्रश्न त्यांनी कळमनुरीच्या गाडीत कंडक्टरला विचारला. कंडक्टरनं घंटी मारली आणि सांगितलं, "काका, मग तुम्ही उतरा. तुमचं पूर्ण वाचंल."

एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. म्हणून देगलूरपर्यंत एसटीनं जायचं आणि पुढं तेलंगणाच्या गाडीत बसायचं, असा एक बेत निघाला. तिथं डिसेंबर २०२३ पासून बायकांना प्रवास फुकट आहे. पण आधार कार्ड तेलंगणाचं लागतं. त्या दिवशी दाजी अक्काकडं जरा वेळ नुसतेच बघत राहिले. "निजामाबादचं स्थळ आलं होतं तुम्हाला, तेच करायचं होतं," एवढं बोलून ती भाकरी थापायला गेली.

खाण्याचं पान तर मी जपून ठेवावं इतकं सुरेख आहे. पार्कात बाहेरचं खाणं चालत नाही, बाळाचं चालतं. दाजींची नोंद : 'धपाटे दह्यात कुस्करले की बाळाचंच खाणं. दशम्या दुधातल्या, सबब बाळाच्या. शेंगांची चटणी – विचार करणे.' पाण्यात उतरायला नायलॉनसारख्या कापडाचेच कपडे लागतात, म्हणून जुन्या छत्रीच्या कापडाची चड्डी शिवून झाली. भाचा ती घालून गल्लीत फिरतो, पावसाळा नसतानाही. तिकिटावरच्या जीएसटीचीही एक ओळ आहे. २०१८ साली तो २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे त्यात हिरव्या शाईनं लिहिलंय; शेजारी लाल शाईत : 'वाळल्या हळदीला ५, मग पाळण्याला १८ का?'

तोवर दाजींच्या वहीची कीर्ती मोंढाभर झाली. हमालांचा मुकादम तिची झेरॉक्स घेऊन सहकुटुंब हैदराबादला जाऊन आला. शेजारचा मेडिकलवाला खोपोलीचं इमॅजिका करून आला. हे पार्क राज्यातच, एसटीची सवलत शेवटपर्यंत चालते, ही सूचना दाजींचीच. परतलेल्यांनी प्रसाद नाही आणला तरी चालेल, बिलं आणायची. दाजी ती वहीशी ताडून बघतात. मुकादमाला लॉकरचे पैसे जादा पडले तेव्हा दोन दिवस यांना जेवण गोड लागलं नाही.

आता सगळं दोन तारखांवर येऊन अडलंय. आईला पंचाहत्तरी लागायला दीड वर्ष आहे. पोराला पाच पूर्ण व्हायला तीन महिने. दोघंही एकाच वेळी फुकटात, असा एक दिवससुद्धा कॅलेंडरात सापडत नाही. दाजींनी आईच्या शाळेचा दाखला काढायला माणूस धाडला होता. ती शाळेत गेलीच नव्हती.

परवा रात्री त्यांचा फोन आला. आवाजात तेजी होती.

"पाव्हणे, जमलं गणित! तुमच्या अक्काला दिवस गेलेत. आईला पंचाहत्तरी लागंल तेव्हा हे नवं लेकरू वर्षाच्या आतबाहेर. पाचच्या आत, पंच्याऐंशीच्या आत. एसटीत फुकट, पार्कात फुकट. मोठ्याचं तेवढं अर्धं लागंल."

मी अभिनंदन करायच्या आतच मागून अक्काचा आवाज आला.

"त्यांना म्हण, आत्ताच चला. दोन जिवांचं एकच तिकीट, आणि तेही अर्धं."

पलीकडं जरा वेळ कोणी बोललं नाही. मग दाजी अक्कालाच विचारताना ऐकू आले, "पेन कुठंय गं?"