अंतर्मनाला वऱ्हाडीत सांगा
(स्वसंमोहन : नवशिक्यांसाठी घरगुती पद्धत)

माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो, असं व्यक्तिमत्त्व विकासाच्या पत्रकांवर छापलेलं असतं. ते खोटं आहे. मेंदू सगळाच वापरात असतो. फक्त त्यातला बराचसा शेजाऱ्याच्या सोयाबीनला काय भाव मिळाला या हिशोबात अडकलेला असतो. तो तिथून सोडवून स्वतःच्या कामाला जुंपणे, एवढाच या विद्येचा हेतू. खालील कृती विदर्भातल्या शिरपुरात, आमच्या मधल्या खोलीत, करून पाहिलेली आहे.

साहित्य : प्लास्टिकची खुर्ची (चारही पाय शाबूत), एक भिंत, वीस मिनिटं आणि एक इच्छा. इच्छा एकच घ्यावी. एमपीएससी, पोट, इंग्रजी आणि धुऱ्याचा वाद अशी यादी घेऊन बसलात, तर अंतर्मन ‘उद्या या’ म्हणून खिडकी लावून घेतं. मी ‘पहाटे पाचला उठून अभ्यास’ ही घेतली होती.

पायरी १. बुवा शोधू नका. गोव्यातल्या कांदोळीला १७५६ साली जन्मलेले आबे फारिया १८१३ मध्ये पॅरिसात संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागले. समोरच्याला खुर्चीत बसवायचे आणि दमात सांगायचे : झोपा! त्या काळी मेस्मरचे चेले, संमोहकाच्या अंगातून चुंबकासारखी शक्ती वाहते, असं सांगत होते. फारिया म्हणाले, माझ्यातून काही वाहत नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. पणजीत त्यांचा पुतळा आहे. त्यात ते कोसळत्या बाईवर असे हात पसरून उभे आहेत, की बघणाऱ्याला वाटावं, शक्ती हातांतूनच चालली आहे. आपल्या विदर्भात श्याम मानव संमोहनाचे प्रयोग करत आले तेही अंधश्रद्धा निर्मूलनाच्याच व्यासपीठावरून. तेव्हा दक्षिणा खिशातच ठेवा.

पायरी २. बसा आणि टेका. आपल्या गावची अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती कशालाही न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. ती त्यांची गोष्ट. तुम्ही पाठ टेका.

पायरी ३. नजर एका बिंदूवर लावा. मँचेस्टरचे डॉक्टर जेम्स ब्रेड १८४० च्या दशकात रोग्याला डोळ्यांच्या किंचित वर धरलेल्या चकचकीत वस्तूकडे टक लावायला सांगत. शिरपूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. दोन जैन पंथांच्या वादात १९८१ साली पार्श्वनाथांच्या मंदिराला कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ मध्ये निघालं. तोवर दर्शन झरोक्यातूनच. एवढी वर्षं झरोक्याला डोळा लावलेल्या गावाला ब्रेडसाहेब काय शिकवणार? एकच सूचना : बिंदू म्हणून भिंतीवरची पाल निवडू नये. ती सरकते.

पायरी ४. श्वास सावकाश सोडत दहापासून उलटे अंक मोजा. सातला दूधवाला आला तर पुन्हा दहापासून.

पायरी ५. सूचना द्या. इथे मी फसलो. मोबाईलवर एक तयार ध्वनिफीत लावली : ‘आपण आता गहन विश्रांतीत प्रवेश करीत आहात.’ माझं अंतर्मन शाळेत तपासणीसाहेब आल्यासारखं ताठ बसलं आणि शर्टाचं वरचं बटण लावू लागलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं : ‘डोये जड होऊन राह्यले. हात ढिले सोड बावा. घाई काहून करतं? कुठं जायचं हाय तुले?’ खांदे आपोआप उतरले. सूचना छोटी आणि सरळ असावी. ‘मी आळस करणार नाही’ यात अंतर्मनाला आळसच ऐकू येतो.

पायरी ६. एक ते पाच मोजून बाहेर या. संमोहनात कोणी अडकून पडत नाही. फार तर झोप लागते आणि जेवणाच्या हाकेला मोडते.

नेहमीच्या शंका

काहीच झालं नाही? होतं असं. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली संमोहनक्षमता मोजायला बारा गुणांची पट्टी केली. काही जण वरच्या टोकाला, काही शून्यापाशी, बहुतेक मधेच. नापास कोणी नाही.

मागचा जन्म दिसला? तिथे सगळे राजेच भेटतात, सालगडी एकही नाही. संमोहनात मन सूचनेबरहुकूम आठवणीही तयार करतं, आणि त्या खऱ्याच वाटतात.

गाडीवर मालेगावला जाताना ध्वनिफीत ऐकू का? नको.

सावधान : फिट येत असेल, भास होत असतील, मन फारच खचलं असेल, तर खुर्ची सोडून मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. दुखणं सोसायला डॉक्टरांच्या हाताखाली संमोहनाची मदत होते. परीक्षेला न वाचलेलं त्याने आठवत नाही.

पायरी ७. ही कोणत्या पुस्तकात नाही. विसाव्या दिवशी मी दहापासून तीनपर्यंत आलो होतो. दाराबाहेरून आई म्हणाली, ‘कोनाशी बोलून राह्यला रे?’

‘सोताशी.’

‘मंग त्याले सांग, दयन आनून दे.’

मी भानावर आलो तेव्हा गिरणीसमोर, डोक्यावर डबा घेऊन, रांगेत उभा होतो. ना अंक, ना श्वास, ना बिंदू. फारियांचं म्हणणं तिथे पटलं : आईच्या शब्दात चुंबक नव्हता, ऐकायची सवय माझ्यातच मुरलेली होती.

त्या रात्रीपासून सूचना देण्याचं काम तिच्याकडे सोपवलं. ती दारात येऊन म्हणते, ‘ऊठ, पाच वाजले.’ मी ताडकन उठतो, तोंड धुतो, पुस्तक उघडतो, आणि मग घड्याळाकडे पाहतो. साडेचार झालेले असतात.