जावईबापू आणि डिकीतला दिवा

वर्धा जिल्ह्यात बापू दोन. एक सेवाग्रामचे, ज्यांना सारं जग ओळखतं. दुसरा मी, ज्याला फक्त सासरची गल्ली ओळखते आणि तीही 'जवाईबापू आले, धक्का माराले चला' एवढ्याच संदर्भात.

गाडी सासऱ्यांची. पांढरी, लांब डिकीची, एकेकाळी दिमाखदार. सासरे गेल्यापासून ती अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी असते. सासूबाई ती विकू देत नाहीत आणि चालवायला घरात कोणाला सवड नाही. मेहुणा मोटरसायकलवर खूश. त्यामुळे वर्षातून एकदा, मुलांच्या सुट्टीत, आम्ही पुण्याहून रेल्वेनं वर्ध्याला उतरतो आणि ही गाडी माझ्या ताब्यात दिली जाते. गाड्यांमधलं माझं ज्ञान असं : बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, 'हंऽऽ' म्हणणं. हा 'हंऽऽ' मी इतका गंभीरपणे म्हणतो की दोन-तीन वर्षं सासरी माझा तज्ज्ञ म्हणून लौकिक होता.

यंदाचा बेत भरगच्च होता. सोमवारी सेवाग्राम, मंगळवारी पवनार, बुधवारी बोरचं अभयारण्य. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास. अशा दिवसांत वर्ध्यात फिरायला निघतो तो एक तर भक्त असतो, नाही तर जावई.

सकाळी किल्ली फिरवली. 'टिक्'. पुन्हा फिरवली. 'टिक्'. मी उतरून बॉनेट उघडलं आणि 'हंऽऽ' म्हणालो.

"बॅटरी बसली," बायको म्हणाली. ती पदवीनं संस्कृतवाली. तरी तिला कळलं होतं.

बॅटरी गेल्या वर्षीच नवी घेतली होती. त्याच्या दोन वर्षं आधीही नवीच घेतली होती. शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावून सेल्फ मारला, गाडी सुरू झाली आणि आम्ही आठेक किलोमीटरवरच्या सेवाग्रामला पोचलो. बापूकुटी पाहिली. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, आणि बाहेरची लाही इथे दारातच थांबलेली. गांधीजी १९३६ साली इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. त्यांची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायला लागली म्हणून १९४० साली नाव बदलून सेवाग्राम केलं. साप न मारता धरायचा लाकडी चिमटाही तिथे ठेवलेला आहे. तो मला फार आवडला. त्रास देणाऱ्याला मारायचं नाही, पण आधी नेमका धरायचा, ही युक्ती दोन दिवसांनी कामी येणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

तासाभरानं बाहेर आलो. 'टिक्'.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जमनालाल बजाजांच्या एका जुन्या फोर्ड गाडीला म्हणे बैल जुंपलेले असत आणि तिला सगळे 'ऑक्सफर्ड' म्हणत. मोठमोठे पुढारी तिच्यातून याच रस्त्यानं गांधीजींना भेटायला जात, असं सांगतात. आश्रमाच्या फाटकाबाहेर घाम पुसत उभा असताना मला या कल्पनेमागचा द्रष्टेपणा कळला. बैलाची बॅटरी उतरत नाही. आम्हाला बैल मिळाले नाहीत. नागपूरच्या एका सहलीतली सहा कॉलेजची पोरं मिळाली. त्यांनी धक्का मारला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी धक्का स्टार्ट झाली. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, चरखा लावून घ्या डिकीत!"

मंगळवारी पवनारला धाम नदीच्या काठावर हेच. विनोबांचा आश्रम बघायला मिळाला तो गाडी ढकलता ढकलता, डाव्या खांद्यावरून.

घरी एव्हाना निदानांचा महापूर आला होता. मावससासूबाईंच्या मते दृष्ट. त्यांनी लिंबू-मिरची बांधली. समोरचे निवृत्त गृहस्थ म्हणाले, उन्हाचा दोष. यात तथ्य आहे. विदर्भाच्या उन्हात बॅटरीचं आयुष्य घटतंच, पण नवी बॅटरी अशी रोज बसेल इतकं नाही. मेहुण्याचा संशय टेपवर. मी सगळ्यांना 'हंऽऽ' म्हणालो.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॅटरी मोजली, गाडी सुरू करून पुन्हा मोजलं. चालू गाडीत चौदा व्होल्टच्या वर आकडा आला.

"डायनॅमो बराबर चार्जिंग देऊन रायला. ब्याटरीले बी काही झालं नाही, भाऊ. गाडीच रातभर करंट पिऊन रायली."

"काहून?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. जावयानं माणसात मिसळावं.

"ते त शोधा लागंन ना बाप्पा. एक एक फ्यूज काढून. मले आज टाइम नाही."

मग मेहुण्यानं मल्टीमीटर आणला. निगेटिव्हची वायर सोडवायची आणि बॅटरी व वायर यांच्यामध्ये मीटर बसवायचा, म्हणजे गाडी झोपेत किती खाते ते दिसतं. मीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात. सेल्फ अजिबात मारायचा नाही, कारण सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. हे मेहुणा सांगत होता तेव्हाच मी 'बघू तर' म्हणून किल्ली फिरवली. मीटरच्या आतला फ्यूज गेला. दुसरा मीटर गल्लीतल्या वायरमनकडून मागून आणावा लागला. बायकोनं किल्ली माझ्या हातातून काढून माझ्याच खिशात ठेवली. ही नोंद लक्षात ठेवा.

दुसऱ्या मीटरनं सांगितलं : ०.४४ अँपिअर. उभ्या गाडीनं ०.०५ च्या आत राहावं. आमची दिवसाला दहा अँपिअर-तास गिळत होती. पस्तीसची बॅटरी, म्हणजे तिसऱ्या दिवशी सेल्फला ताकदच उरत नव्हती, आणि आठ किलोमीटरच्या फेरीत ती भरूनही निघत नव्हती.

दाराचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं, म्हणजे आतला दिवा मोजणीत यायला नको. मेहुणा चिमट्यानं फ्यूज उपटत होता, मी आकडा वाचत होतो. टेपचा काढला, ०.४४. हॉर्नचा, ०.४४. टेप निर्दोष सुटला. आठव्या फ्यूजला आकडा धाडकन ०.०२ वर आला. अंगणात टाळ्या. त्या फ्यूजवर तीन गोष्टी : आतला दिवा, घड्याळ आणि डिकीचा दिवा. आतला दिवा विझलेला. घड्याळ कित्येक वर्षं सव्वाचारवर बंद. राहिली डिकी.

पण झाकण लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे बाहेरून कसं दिसणार?

"कोणीतरी आत बसा लागंन," मेहुणा म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात सगळ्यात बुटका मी.

मेहुण्यानं फ्यूज परत बसवला. गुडघे हनुवटीला लावून मी स्टेपनीशेजारी शिरलो. झाकण बंद झालं आणि दिवा जळतच राहिला. पिवळा, गरम, निर्लज्ज. झाकणानं जे बटण दाबायचं ते दाबलंच जात नव्हतं.

"सापडला!" मी ओरडलो. "उघडा!"

किल्ली माझ्या खिशात होती. सीटजवळचा डिकीचा खटका मागेच तुटलेला. बाहेर धावपळ सुरू झाली. सासूबाई देवघराकडे निघाल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, त्या देव पाण्यात ठेवणार.

तेव्हा त्या दिव्यात, चाकाच्या कमानीवर, मला चिकटपट्टीचा एक तुकडा दिसला. दवाखान्यात बँडेजला लावतात तसली पांढरी पट्टी. निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, अक्षर थोडं डावीकडे झुकलेलं. सासरे पत्रावर पत्ताही असाच लिहीत. 'डिकी दिवा बंद होत नाही. बघणे. १२ सप्टेंबर.'

त्या वर्षी ते दिवाळीआधी गेले.

झाकण उघडलं. सासूबाईंच्या हातात दुसरी किल्ली होती, कुंकवानं लाल झालेली. देवघरातल्या डबीत ठेवलेली. मी बाहेर आलो आणि काहीच बोललो नाही, 'हंऽऽ'सुद्धा नाही. फक्त बोट दाखवलं. बायको वाकली, वाचलं, आणि बराच वेळ तशीच वाकलेली राहिली.

"मले सांगतलं असतं," सासूबाई म्हणाल्या, "त मीच काढला असता बल्ब."

मग मेहुण्याची सातवीतली मुलगी म्हणाली, "काका, मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवला असता तरी दिसलं असतं." तिला कोणी उत्तर दिलं नाही.

बल्ब आता देवघरातल्या डबीत आहे, किल्लीशेजारी. पट्टीला कोणी हात लावलेला नाही. गाडी चार दिवस उभी ठेवली, पाचव्या दिवशी पहिल्याच सेल्फला लागली. स्टेशनवर आम्हाला सोडायला तीच आली. बोर तेवढं राहिलं.