अल्पाहारी मांसाहारी

आमच्या सासरच्या घराण्यात आजवर कुणी उपाशी मेलेलं नाही. जे गेले ते आग्रहाने गेले. इथे 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात दोन जिलब्या जास्त पडतात आणि ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटींतून मठ्ठा वाढतात. अशा घरात सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, निवृत्तीनंतर कीटकभक्षी झाडं पाळायला घेतली. 'लावली' असं मी म्हणत नाही, कारण दादाही म्हणत नाहीत.

दादांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. धरणं, कालवे, क्युसेकच्या गप्पा. आता त्यांच्या हाताखाली उरलेलं एकमेव पाणलोट क्षेत्र म्हणजे हॉलमधल्या एसीची नळी. या झाडांना पाणी लागतं ते क्षार नसलेलं: पावसाचं, आरओचं किंवा एसीतून ठिबकणारं. क्षारांचं पाणी घातलं की क्षार कुंडीत साचत जातात आणि मुळं जळतात. टीडीएस मीटरचा आकडा पन्नासच्या खाली हवा. आमच्या सोसायटीच्या टँकरच्या पाण्यात मीटर बुडवला तेव्हा दादांनी आकडा मोठ्याने वाचला नाही, फक्त मान हलवली. तेव्हापासून पावसाळ्यात गच्चीवर पिंपं लागतात आणि उन्हाळ्यात एसी लागतो. आम्हाला उकडतंय म्हणून नव्हे, घटपर्णीची बादली रिकामी आहे म्हणून. एकदा माझ्या नवऱ्याने त्यातलं तांब्याभर पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतलं, तर दादांनी पाणीचोरीबद्दल जे ऐकवलं ते बहुधा पूर्वी उसाच्या बागायतदारांसाठी राखून ठेवलेलं होतं.

पण खरा संघर्ष पाण्यावरून नव्हता, वाढण्यावरून होता. सासूबाई म्हणजे आई. त्यांच्या गुलाबाला गांडूळखत, तांदूळ धुतलेलं पाणी, ताक, भिजवलेली शेंगदाण्याची पेंड असं सगळं साग्रसंगीत मिळतं. यातली एकही गोष्ट दादांच्या कुंडीत पडली तर झाड आडवं. ही झाडं मुळात अशा ठिकाणची, जिथे पावसाने जमिनीतला सगळा कस धुऊन नेलेला असतो. म्हणून त्यांना स्फॅग्नम मॉस, पीट आणि परलाइट यांचं मिश्रण लागतं, ज्यात कसलंही पोषण नाही. ज्या मातीत काहीच नाही ती पैसे मोजून कुरिअरने मागवायची, हे आईंना अजून पटलेलं नाही. "बिचाऱ्याच्या पोटात काही नाही हो," असं त्या प्रत्येक कुंडीकडे बघून म्हणतात.

वास्तविक बिचारं वगैरे काही नाही. पानं हिरवी आहेत, ऊन आहे, म्हणजे पोळीभाजी ही झाडं घरीच करतात. कीटक हे फक्त लोणचं. मातीत न मिळणारं नत्र आणि स्फुरद तेवढं त्यातून घ्यायचं. महिन्यातून एखाददुसरा किडा मिळाला तरी झाड खूश, आणि नाही मिळाला तरी तक्रार नाही. लोणच्यावरून माणसाला लोणचंखाऊ म्हणत नाहीत, पण यांची मात्र साऱ्या जगात मांसाहारी म्हणून बदनामी झाली आहे.

या बदनामीला जबाबदार मुख्यतः व्हीनस फ्लायट्रॅप. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारी पट्ट्यातलं हे झाड. सापळ्याच्या आत बारीक केस असतात. त्यांना वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच सापळा मिटतो. एका धक्क्याला तो भुलत नाही, कारण एकदा तर पावसाचा थेंबही पडतो. मिटल्यावर आतलं सावज धडपडत राहिलं पाहिजे, तरच पाचक रस सुटतो. नाहीतर दिवसाभरात सापळा पुन्हा उघडून मोकळा. म्हणजे मेलेली माशी घातली तर तिची धडपड आपणच करायची. आमच्या घरी सकाळी नऊ वाजता दृश्य असं असतं: दादा चष्मा कपाळावर चढवून, कान साफ करायच्या काडीने, मिटलेल्या सापळ्याला बाहेरून हलके हलके चोळताहेत आणि आतल्या मृत माशीच्या वतीने धडपडताहेत. इतक्या मायेने त्यांनी नातवाला कधी मालिश केल्याचं माझ्या स्मरणात नाही.

शिवाय प्रत्येक सापळा मोजक्या वेळाच मिटतो आणि मग काळा पडून गळतो. त्यामुळे 'बघू, बोट घातलं तर काय होतं' म्हणणारा पाहुणा दादांना साक्षात शत्रू. चहा मिळतो, पण गॅलरीचं दार लावून.

श्रावण लागला तेव्हा आईंनी विचारलं, "महिनाभर तरी पाळेल का ते?"

"ते बाराही महिने जवळपास उपासच करतं."

"उपास कसला? परवाच मुंगी खाल्ली."

"मुंगी स्वतःहून गेली. आपण वाढली नाही."

वाढली नाही, म्हणजे पाप आपल्या खात्यावर नाही, एवढं आईंना पटलं.

मग दादांनी डार्विन काढला. डार्विनने 1875 साली या झाडांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यातला मोठा भाग दवबिंदूला, म्हणजे ड्रॉसेराला दिला. पानावर चिकट थेंबांचे तंतू असलेलं हे झाड त्याला इतकं आवडलं, की 1860 साली एका मित्राला त्याने कळवलं, जगातल्या सगळ्या जीवजातींच्या उगमापेक्षा सध्या मला ड्रॉसेराची जास्त काळजी आहे. 'ओरिजिन'चा ग्रंथ येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच्या बायकोने, एम्माने, त्याच सुमारास लिहिलंय की हे त्या झाडाला प्राण्यासारखं वागवतात, शेवटी तो प्राणीच आहे असं सिद्ध करतील बहुतेक. हे ऐकून आईंनी पहिल्यांदाच या विषयात रस घेतला. "शहाणी दिसते," म्हणाल्या.

डार्विनने त्या पानांना काय काय खाऊ घातलं याची यादी मोठी आहे. भाजलेलं मांस, अंडं, दूध. साखरेला पानं हलली नाहीत, ऑलिव्ह तेलाला नाहीत, चहालाही नाहीत. (चहाला न हलणारं काहीही आमच्या घरात संशयास्पद ठरतं.) पण कोबीच्या आणि हिरव्या मटारच्या काढ्याला मात्र तंतू वळले. इथे आई ताठ बसल्या.

"म्हणजे मटार चालतो?"

"प्रयोग होता तो. थेंबभर."

"चालतो की नाही तेवढं सांगा."

दादांनी नाइलाजाने होकार दिला. त्या दिवसापासून डार्विन आईंच्या लेखी शाकाहारी आहे.

लोकांना वाटतं, ही झाडं ठेवली की डास जातात. वस्तुस्थिती उलटी. फ्लायट्रॅपच्या मूळ गावीसुद्धा त्याच्या ताटात येतात त्या प्रामुख्याने मुंग्या आणि कोळी. आणि कुंड्या पाण्याच्या ट्रेमध्ये उभ्या ठेवाव्या लागतात, म्हणजे डासांना अंडी घालायला सोय आपणच केलेली. डेंग्यूच्या अळ्या शोधत बॅटरी घेऊन फिरणारा माणूस आला, तेव्हा दादा त्याला कीटकभक्षी वनस्पतींचं माहात्म्य सांगत होते आणि तो शांतपणे ट्रेमध्ये बॅटरी मारत होता. आता दर दोन-तीन दिवसांनी ट्रे कोरडे होतात. कालवा समितीच्या बैठकीत ठरावं तसं पाळीपत्रक फ्रिजवर लावलेलं आहे. फ्रिजच्या आत, थंडीत विश्रांती हवी म्हणून, मॉसमध्ये गुंडाळलेले फ्लायट्रॅपचे कंद असतात. कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. त्याबद्दल मी अधिक बोलत नाही.

कासच्या पठारावर मात्र आम्ही सगळे गेलो होतो. जांभ्यावरचा मातीचा पातळ थर, त्यात तांबूस दवबिंदू आणि निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे. फुलाचं नाव सीतेची आसवं, हे ऐकून आईंनी हात जोडले. दादांना तेवढ्यातच सांगायचं सुचलं, की हेही कीटकभक्षी आहे. मातीत बारीक फुगे असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव दाराशी आला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आत ओढतात. आई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "एवढं सोसल्यावर कुणीही खाईल."

सगळ्यात मोठा घोटाळा वंशवृद्धीचा. घटपर्णीचं बरं असतं. नर वेगळा, मादी वेगळी, दोघं एकाच वेळी फुलायला हवीत, म्हणजे संसार वाढायची भीती नाही. फार तर फांदी छाटून मॉसमध्ये खोचायची आणि वाट पाहायची. फ्लायट्रॅप तर फुलाचा दांडा सापळ्यांपासून चांगला उंच काढतो. जेवणात यायचे ते वेगळे आणि परागीभवनाला यायचे ते वेगळे, ही शिस्त काही आमच्या कार्यालयांना जमलेली नाही. पण केप दवबिंदू, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतून आलेला ड्रॉसेरा कॅपेन्सिस, याला कसलाच संयम नाही. स्वतःचं स्वतः फलन करतो आणि धुळीसारखं बी शेजारच्या कुंड्यांत सांडून ठेवतो. त्यात दादांना पानांपासून रोपं करायचा नाद. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात शुद्ध पाणी, त्यावर तोडलेलं पान तरंगत ठेवायचं, झाकण लावून उजेडात. काही आठवड्यांत पानाच्या अंगावर जागोजाग टाचणीच्या डोक्याएवढी बाळं. आमच्याकडे श्रीखंड आता डब्यासाठी आणलं जातं.

डबे वाढत गेले तसे नातेवाईक फोन उचलेनासे झाले. शेवटी आईंनीच मार्ग काढला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून त्यांनी रोपं लुटली. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि हे घ्या, हे माशा खातं. दादांनी प्रत्येकीला चिठ्ठी दिली होती: खत नको, नळाचं पाणी नको, माती बदलू नका, ऊन द्या, बाकी काही करू नका. 'काही करू नका' खाली दोन रेघा.

चौथ्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. त्यांच्याकडे माशाच नाहीत, झाड उपाशी बघवत नाही, वरणाचं पाणी घातलं तर चालेल का? दादा पेपर टाकून फोनकडे धावले, पण आईंनी तो कानाला घट्ट धरला होता.

"वरण नको गं," त्या अधिकाराने म्हणाल्या, "मटार उकडशील ना, त्याचं घाल. डार्विन तेच घालायचा."