साखरांबा आणि वीस धावा

पुण्याच्या माणसाला आयपीएलमध्ये स्वतःचं घर नाही. आम्ही कायमचे भाडेकरू. २०११ साली पुणे वॉरियर्स नावाचा संघ आला. पहिल्या वर्षी तो खालून दुसरा आला, दुसऱ्या वर्षी शेवटचा, आणि तिसऱ्या वर्षी बंगळुरूत ख्रिस गेलने त्याच्याविरुद्ध ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या, त्यात १७ षटकार. एवढं झाल्यावर संघाने गाशा गुंडाळला, हा सभ्यपणाच म्हणायचा. पुढे चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले, तेव्हा २०१६ मध्ये रायझिंग पुणे आला. २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईने फक्त १२९ केल्या आणि आम्ही १२८ वर थांबलो. एका धावेने करंडक गेला, पाठोपाठ संघही गेला.

दोन्ही संघांना माझा मनापासून पाठिंबा होता. आमच्या घरात हे वाक्य कारणमीमांसा म्हणून सांगितलं जातं. मी टीव्हीसमोर बसलो की विकेट पडते असा बायकोचा सिद्धांत आहे आणि मुलगी त्याला पुरावे जोडत असते. भारताचा महत्त्वाचा सामना असला की मला भाजी आणायला पिटाळतात. देशासाठी मी किती मेथी आणली आहे, याची नोंद कुठल्याही क्रिकेट मंडळाकडे नाही.

संघ गेल्यावर ज्याने त्याने आपापली सोय लावली. मी मुंबईत बिऱ्हाड केलं ते रोहित शर्मासाठी. जन्म नागपूरचा, वाढला बोरिवलीत, आणि समोरून कितीही वेगात चेंडू येऊ दे, गड्याला कसली म्हणून घाई नाही. आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, चेन्नईकडे गेले. दाजी मूळचे कराडचे. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं आणि तिथले सामने गहुंजेला हलवले. संघाच्या चाहत्यांसाठी चेन्नईहून ‘व्हिसलपोडू एक्सप्रेस’ नावाची खास रेल्वे सोडली होती. दाजी गहुंजेला गेले, त्या पिवळ्या गर्दीत शिरले, आणि परत आले ते गळ्यात शिट्टी अडकवूनच. तेव्हापासून महेंद्रसिंग धोनीबद्दल ते ‘माही’ असं एकेरीत बोलतात आणि स्वतःच्या जावयाबद्दल ‘अहो’. ज्याचा त्याचा जिव्हाळा.

तर १४ एप्रिल २०२४, रविवार. वानखेडेवर मुंबई विरुद्ध चेन्नई. तिकिटं दाजींनी काढली होती आणि ती दाजींच्या मोबाइलात होती. मी निळी जर्सी घातली. ती घेतली तेव्हा मला बसत होती. नंतर एकतर ती आटली किंवा मुंबईच्या पाच विजेतेपदांमुळे माझा ऊर भरून आला. दाजी पिवळ्यात. आणि दाजींच्या खांद्याला ताईची बॅग.

या बॅगेत काचेची बरणी होती आणि बरणीत साखरांबा. तो गिरगावातल्या आत्याला द्यायचा होता. स्टेडियमपासून गिरगाव हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ताईच्या मते ही ‘जाता जाता’ करायची गोष्ट. शिवाय सक्त ताकीद, की बरणी आत्याच्याच हातात द्यायची, शेजारच्या काकूंकडे ठेवायची नाही. गेल्या वर्षी काकूंकडे ठेवलेली बरणी आत्याला मिळाली तेव्हा तिचा तळ दिसत होता.

डेक्कन क्वीनने सकाळी मुंबई गाठली. गेटवे पाहिलं. आहे तिथेच आहे. 

दुपारी ठाकूरद्वारच्या चाळीत पोचलो तर आत्याच्या दाराला कुलूप. आत्या डोंबिवलीला लेकीकडे. फोन लावला. “निघालेच,” आत्या म्हणाली. आमच्या घराण्यात ‘निघालेच’ म्हणजे पोळ्या लाटून व्हायच्या आहेत. त्यात रविवार, म्हणजे लोकलचा मेगाब्लॉक. आम्ही गॅलरीत बसून राहिलो. शेजारच्या काकू दारात येऊन बॅगेकडे पाहत म्हणाल्या, “माझ्याकडे ठेवा की.” दाजींनी बॅग पोटाशी धरली. साडेसात वाजले, टॉस होऊन गेला, मुंबईने चेन्नईला फलंदाजी दिली होती आणि आत्या अजून ठाण्यात होती. शेवटी आम्ही बरणीसकट निघालो.

गेटवरचा हवालदार शांत माणूस होता.

“बॅग आत नेता येणार नाही.”

“आत काही नाही हो. फक्त बरणी आहे.”

“बरणीत काय?”

“साखरांबा.”

“कशासाठी?”

“आत्यासाठी.”

“आत्या आत आहे का?”

“नाही, आत्या ठाण्यात आहे.”

हवालदाराने आमच्याकडे नीट पाहिलं. एक निळा, एक पिवळा, मध्ये बरणी. “कुठंतरी ठेवून या,” तो म्हणाला. त्याची काही चूक नव्हती. नियम गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता.

कुठंतरी म्हणजे कुठे? चर्चगेटच्या बाजूला बॅगा सांभाळणारा एक पोरगा बसला होता. त्याच्यापुढे हेल्मेटं, पॉवरबँका, डबे, एक सतार की तंबोरा असं बरंच काही होतं. “काच नहीं रखेंगे,” तो म्हणाला. पानवाल्याने बरणीचा भाव विचारला. दाजींनी तिथल्या तिथे साखरांबा खाऊन संपवण्याचाही विचार केला. पण बरणी पाच किलोची, आणि त्यांना साखर.

कुणी म्हणेल, एकाने बाहेर थांबायचं, दुसऱ्याने आत जायचं. हे ज्याने कधी जावई पाहिला नाही तोच म्हणेल. जावयाला फुटपाथवर बरणी घेऊन उभं करायचं आणि मेव्हण्याने आत जाऊन मॅच बघायची? ताईला काय तोंड दाखवणार? दाजींना मात्र मला बाहेर ठेवण्यात काही वावगं दिसत नव्हतं. ते फक्त तोंडाने म्हणत होते, “तुम्ही जावा पाव्हणं.” मी म्हणत होतो, “छे, तुम्ही जा.” या सौजन्यात आणखी चार षटकं गेली.

एव्हाना भिंतीपलीकडून सतत आरडाओरडा येत होता आणि त्यातून आम्ही सामना ओळखायला शिकलो. मोठी गर्जना म्हणजे धोनी पडद्यावर दिसला. मधली गर्जना म्हणजे चौकार किंवा षटकार. आणि एक लांबलचक, खालच्या पट्टीतला आवाज म्हणजे हार्दिक पांड्याच्या हातात चेंडू आला. 

हे प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच करंडक जिंकून देणाऱ्या रोहितला डिसेंबर २०२३ मध्ये बाजूला करून मुंबईने गुजरातहून परत आणलेल्या हार्दिकला कर्णधार केलं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्याचा राग वानखेडेच्या प्रेक्षकांनी काढला तो हार्दिकवर. आपल्याच मैदानावर आपल्याच कर्णधाराची हुर्यो. १ एप्रिलला राजस्थानविरुद्ध टॉसच्या वेळी संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. नेमणूक ज्यांनी केली ते वातानुकूलित खोलीत बसतात, आणि शिव्या खातो तो उन्हातान्हात धावणारा. आमच्या हापिसातही अशीच पद्धत आहे.

शेवटी मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या गल्लीतल्या एका जुन्या इमारतीचा वॉचमन भेटला. गोलाकार बाल्कन्यांच्या या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला आहे. वॉचमन लांज्याचा होता. वहीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर तो मॅच बघत होता.

“ठेवा,” तो म्हणाला. “पण वहीत नोंद करावी लागेल. एवढी ओव्हर होऊ दे.”

ती विसावी ओव्हर होती. गोलंदाज हार्दिक. आम्ही तिघं त्या मोबाइलवर वाकलो. पडद्यावर हार्दिक अजून गोलंदाजीच्या खुणेकडे चालला होता आणि इतक्यात भिंतीपलीकडे जे काही झालं, त्याने गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली.

“काय झालं?” मी विचारलं.

“अजून काही झालेलं नाही,” वॉचमन म्हणाला. “आपल्याकडे उशिरा येतं.”

पुष्कळ वेळाने मोबाइलवर डॅरिल मिचेल बाद झाला आणि धोनी आत येताना दिसला. ती गर्जना त्याच्या नुसत्या येण्याची होती! दाजी पडद्यावर धोनीला ग्लोव्हज घट्ट करताना पाहत होते, तेव्हा बाहेर त्याने षटकार मारलासुद्धा. गर्जना. धोनी पडद्यावर गार्ड घेत होता. बाहेर दुसरी गर्जना. दाजींची मान मोबाइल आणि भिंत यांच्यामध्ये गरगरत होती. तिसऱ्या गर्जनेला त्यांनी डोळे मिटले. मग पडद्यावर एकेक करून तिन्ही षटकार आले, तिसरा तर फुलटॉसवर. शेवटच्या चेंडूवर दोन. चार चेंडूंत वीस. ज्या माणसाला याचि देही बघायला दाजी पुण्याहून आले होते, तो भिंतीच्या पलीकडे होता, आणि दाजींनी त्याला हाताएवढ्या पडद्यावर, शिळा पाहिला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वॉचमनने वही उघडली. “वस्तू?” त्याने विचारलं. 

“साखरांबा,” दाजी म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून त्याने पुढचे प्रश्न सोडून दिले.

आत शिरलो तेव्हा धावफलकावर चेन्नई ४ बाद २०६. त्यातल्या ६९ ऋतुराज गायकवाडच्या, म्हणजे आमच्या पिंपरी-चिंचवडच्या. नाबाद ६६ शिवम दुबेच्या, म्हणजे मुंबईच्याच. सलामीला अजिंक्य रहाणे. चेन्नईचं नाव लावून मुंबईला बडवणारी ही पोरं पाहून मला भाडेकरूपणाची लाज वाटेनाशी झाली. खेळाडूही तेच करतात, फक्त त्यांना भाडं मिळतं.

आमच्या पुढच्या रांगेत एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. एप्रिलच्या मुंबईत त्याने गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जर्किन घातलं होतं आणि तो घामाने निथळत होता. मला वाटलं, ताप असेल. हार्दिक फलंदाजीला आला तेव्हा त्याने बापाकडे बघत चेन हळूच खाली ओढली. आत जर्सी होती, तीवर हार्दिकचं नाव असणार. बाप कानाशी लागून म्हणाला, “राहू दे रे, बंद कर. लोक आहेत.” मुलाने चेन वर ओढली. कल्याणच्या तुषार देशपांडेने हार्दिकला दोन धावांवर घालवलं आणि आमच्या स्टँडमधले निळे लोक टाळ्या वाजवायला लागले. निळे! मी मागे वळून एकाला काहीतरी बोललो. काय बोललो ते इथे छापता येणार नाही. त्याने माझ्या पोटावरून मला उत्तर दिलं. पोराने मात्र त्यानंतर मान वर केली नाही.

दुसऱ्या टोकाला रोहित खेळत होता. ६३ चेंडूंत नाबाद १०५, अकरा चौकार, पाच षटकार. मी समोर बसलेलो असूनही तो बाद झाला नाही, याची घरी कुणी दखल घेतली नाही. बाकीचे गेले. मथीशा पथिरानाने चार बळी घेतले. सूर्यकुमार शून्यावर. मुंबई ६ बाद १८६. शतक झालं तेव्हा रोहितने बॅट उंचावून मिरवलं नाही. सामना हातातून गेला आहे हे त्या मैदानात बहुधा त्याला एकट्यालाच कळत होतं. कारण बाहेर पडणारे लोक खुशीत होते. धोनीचे षटकार बघितले, रोहितचं शतक बघितलं, पैसे वसूल. मुंबई वीस धावांनी हरली होती. बरोब्बर वीस. त्या चार चेंडूंच्या.

मला माझ्या जमातीची तिथे चीड आली. आपण संघ-संघ म्हणतो आणि प्रेम करतो दोन-तीन माणसांवर. बाकीचे आठ-नऊजण त्यांना उभं राहायला जागा करून देण्यापुरते. मुंबईने तो हंगाम दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर संपवला. 

वॉचमनने बॅग जपून ठेवली होती. दाजींनी बरणी काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. “घ्या. आमच्याकडून माहीसाठी.” हे औदार्य आम्हाला दादरच्या बसमध्ये महागात पडलं, कारण ताईचा फोन आला, की आत्या घरी पोचली आहे आणि साखरांबा कुठे म्हणून विचारते आहे. दाजींनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि घोरायला लागले. मी सांगितलं, काकूंकडे ठेवला. दोन्ही घरांत अजून बोलणं बंद आहे. काकूंचा मात्र या वेळी खरोखर काही दोष नाही.

जून संपताना बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक हार्दिकने टाकलं आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली. वानखेडे भरलं आणि त्याच जागेवरून ‘हार्दिक, हार्दिक’ असा गजर सुरू झाला. मी तडक दाजींना फोन लावला. म्हटलं, “हीच का हो ती माणसं?”

“तीच की,” दाजी म्हणाले. “एप्रिलात हजारो रुपये मोजून आत गेली आणि शिव्या घातल्या. आज फुकट सोडलं तर जयजयकार. पाव्हणं, पुढच्या वर्षी मुंबईवाल्यांना सांगा, तिकीटच लावू नका.”