निरोपाची नी-कॅप

साकोलीकडच्या एका कबड्डी संघाने 26 जानेवारीच्या सामन्यांत आपल्या उजव्या कोपऱ्याला निरोप दिला. संघ कोणता ते विचारू नका. साकोली ते सेंदूरवाफा कुठल्याही मैदानावर उभे राहा, 'ओ दादा' म्हणून हाक मारा, उजव्या कोपऱ्यातून जो कमरेवर हात ठेवून वळेल तोच तो. चौकात फ्लेक्स लागला. शाल झाली, नारळ झाला, एकामागून एक वक्त्यांनी 'बुरूज' हा शब्द वापरला. मग समितीने भेटवस्तू दिली. नी-कॅपची जोडी. नवी कोरी.

पुन्हा एकदा वाचा. खेळ सोडून निघालेल्या माणसाला समितीने गुडघ्यांत घालायच्या टोप्या दिल्या. रिटायर होणाऱ्या कंडक्टरला कोणी तिकिटाचं मशीन भेट देत नाही. दिलं तर दुसऱ्या दिवशी तो लाखनीच्या गाडीत चढणारच. दादाने तर दुसरा दिवसही उजाडू दिला नाही. सत्कार चारला संपला आणि सहाच्या सामन्यात दादा उजव्या कोपऱ्यात उभा. मी सचिवांना विचारलं, निरोप दिला ना? ते म्हणाले, "निरोप देल्ला गा भाऊ, सुट्टी नाही देल्ली."

माझं मन मात्र त्या नी-कॅपवरून हलायला तयार नाही. व्यासपीठावरच डबा उघडला गेला. "माप पाहून घ्या दादा" असं म्हणत एकाने दादाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि प्रमुख पाहुण्यांच्या समोर उजवा गुडघा टोपीत गेला. टाळ्या पडल्या. निरोपाच्या भेटीचं माप कशाला बघतात? शालीचं बघतात का? पुढे चौकशी केली तेव्हा बिलही दिसलं. बिलावर 'सत्कार खर्च' नाही, 'क्रीडासाहित्य' लिहिलंय. म्हणजे फ्लेक्सवर 'अखेरचा सामना' छापायला टाकला, त्याच दिवशी समितीने दादाच्या पुढच्या हंगामाची खरेदी उरकली होती. आणि जुन्या टोप्या? रबर सैल झालेल्या, घामाने पिवळ्या पडलेल्या? त्या राखीव पोराला दिल्या. एकोणीस वर्षांचं पोरगं, दोन्ही गुडघे ठणठणीत. त्याला सांगण्यात आलं, "ठेव, दादाची आठवन."

दादाला सोडायचं आहे यावर समितीत मतभेद नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ठराव एकमताने झालेला आहे. अडलंय ते फक्त 'कधी' वर. दिवाळीत विषय निघाला की धान घरी येऊ द्या. धान आलं की मंडई होऊ द्या. मंडईला पाहुणे येतात, रात्री नाटक असतं, दिवसा माणसं दादालाच बघायला येतात. मंडई सरली की 26 जानेवारी तोंडावर. मग महाशिवरात्र. मग लग्नसराई, आणि त्यात दादाच्याच पुतणीचं लग्न; ज्याच्या मांडवात जेवायचं त्याला आदल्या दिवशी काढायचं कसं? मग मृग, मग रोवणी. रोवणीत कोणी कबड्डी खेळत नाही, म्हणून निर्णयाची गरज नाही. मग पोळा, गणपती, दसरा. दिवाळीला समिती पुन्हा बसते आणि मागच्या इतिवृत्ताला मंजुरी देते.

कॅनडात आणि अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळतात. त्यांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत अदलाबदलीची तारीख ठरलेली असते, साधारण मार्चच्या सुरुवातीची. मोसम हातचा गेलेला संघ त्या तारखेच्या आत आपला जुना जाणता बचावपटू चषकाच्या आशेवर असलेल्या संघाला देतो आणि बदल्यात पोरं घेतो, नाहीतर पुढच्या निवडीत पोरं उचलायचा हक्क घेतो. तारीख टळली की सौदा बंद. गरज समोरच्याला आहे तोवरच आपल्या म्हाताऱ्याला भाव आहे, एवढा साधा हिशेब. काही बड्या खेळाडूंच्या करारात कलम असतं की माझ्या संमतीवाचून मला कुठे पाठवायचं नाही. आमच्याकडे असलं लेखी काही नाही. आमच्याकडे दादाचा साळा कोषाध्यक्ष आहे.

भाव आमच्याकडेही चालून आला होता. मंडईच्या आधी चुलबंदच्या पलीकडच्या एका गावाने सांगावा धाडला. त्यांची चढाई तिखट, पकड कच्ची. एका हंगामापुरता अनुभवी कोपरा हवा होता. बदल्यात दोन पोरं देत होते, दोघंही विशीच्या आतले, आणि वर एक वापरलेली पण धड मॅट. आमची मॅट जागोजागी टेपने चिकटवलेली आहे आणि दादाच्या कोपऱ्यात तर ती टेपचीच आहे. बैठक बसली. झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो.

"दादा गेला तं कोपऱ्यात कोन?"

"हे पोरगं हाये ना."

"त्याले अनुभव नाही."

"कसा येईल अनुभव?"

"खेळून येते."

"मंग खेळवा ना गा त्याले."

"कसा खेळवाचा? अनुभव नाही ना त्याले."

चहा आला. विषय संपला.

दादाच्या बाजूने समिती एकच आकडा काढते: अव्वल पकडी. दादाच्या नावावर संघात सगळ्यांत जास्त अव्वल पकडी आहेत आणि हे खरं आहे. आता अव्वल पकड कधी होते? मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना चढाईपटूला धरलं, की एकाच्या जागी दोन गुण. म्हणजे ती करायची तर आधी चार गडी बाद व्हायला हवेत. ते आमच्याकडे शिस्तीत होतात. मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. आपल्या वाट्याची बाजू साडेसहा मीटरची. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या मागे मीटरभरावर बोनस रेषा. सहा-सात गडी असताना या रेषेच्या पार पाय टेकला की चढाईपटूला गुण, आणि तो तिथल्या तिथे. धानाच्या बोनससारखा पुढच्या हंगामापर्यंत लटकत नाही. बोनस रेषेच्या मागे उरते पावणेदोन मीटरची पट्टी, आणि तिचा उजवा तुकडा दादाच्या नावे सातबाऱ्यावर चढलेला आहे. समोरच्या संघाला हे ठाऊक असतं. पहिलाच चढाईपटू तिकडे वळतो, बोनसची हूल देतो, दादा वाकायला घेतो, वाकेपर्यंत तो दादाच्या खांद्याला हात लावून परत गेलेला असतो. दादा बाद. आता नियमाची गंमत बघा: जो आधी बाद होतो तोच आधी जिवंत होतो. आमचा कोणी पोरगा तीस सेकंद जीव टाकून एक गुण आणतो, आणि त्या गुणावर उठतो कोण? दादा. तोवर बाकीचे बाद होऊन बाहेर रांगेत बसलेले. मैदानात तिघं, त्यांत दादा एकटा ताजातवाना, सावलीत बसून पाणी पिऊन आलेला. समोरचा दमलेला चढाईपटू बेफिकिरीने आत येतो, दादा त्याचा घोटा धरतो. अव्वल पकड! दोन गुण! भोंग्यावरचा समालोचक 'बुरूज, बुरूज' करत ओरडतो. त्यानंतर दोन चढायांत लोण चढतो, समोरच्यांना जादा दोन गुण मिळतात, आपले सातही जण पुन्हा उभे राहतात आणि दादा आपल्या पट्टीत परत. संघ जितका जास्त हरतो तितक्या दादाच्या अव्वल पकडी वाढतात. संघ सुधारला तर दादाचा आकडा घसरेल. समितीला ही भीती असावी.

मी सचिवांना जकार्ताची आठवण करून दिली. आशियाई स्पर्धेत कबड्डी 1990 साली आली, तेव्हापासून पुरुषांचं सुवर्ण सलग सात वेळा आपलं. 2018 मध्ये उपांत्य फेरीत इराणने उलथवलं. अनुभव आपल्याकडेही होता, म्हटलं. सचिव म्हणाले, "इराणले सांगा ना एकडाव मंडईत खेळून दाखवाले."

इथवर हसलो. आता त्या राखीव पोराचं बोलू. हे पोरगं पहाटे महामार्गाच्या कडेने पळतं, दिवसा राईस मिलमध्ये पोती उचलतं, संध्याकाळी सरावात उजव्या कोपऱ्यात उभं राहतं आणि सामन्यात बाटल्या भरतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यात शिरायला साधं प्रमाणपत्र पुरत नाही, वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. तिथवर जायला जिल्ह्याच्या संघात नाव लागतं. नाव यायला कोणाच्यातरी नजरेत भरावं लागतं आणि नजरेत भरायला सात जणांत उभं राहावं लागतं. बाटल्या भरल्याचं प्रमाणपत्र कुठलंही कार्यालय ग्राह्य धरत नाही. भरतीला वयाची अट आहे. कोपऱ्याला नाही. तुम्ही 'दादाचं मन कसं मोडायचं' म्हणत एक-एक सण पुढे ढकलता, तेव्हा पोराचं एक-एक वर्ष खर्ची पडतं, आणि त्याचं बिल कुठल्याच खात्यात लिहिलेलं नसतं. दादा पहिल्यांदा त्या कोपऱ्यात उभा राहिला तेव्हा तोही एवढाच होता ना? त्याच्या आधीच्या कोपऱ्याला कोणीतरी तोंडावर 'आता बस' म्हटलं होतं. म्हणणाऱ्याशी तो वर्षभर बोलला नसेल. नसेना का! एका माणसाच्या अबोल्याला घाबरून अख्खी समिती दहा पोरांना मिलमध्ये पाठवते आणि वर व्यासपीठावरून विचारते, आजकालची पोरं मैदानात का येत नाहीत, मोबाईलमध्ये का डोकं घालून बसतात. अरे, मैदानात येऊन करायचं काय त्यांनी, दादाच्या टोप्या वाळत घालायच्या?

बरं, सौदा झाला. ते सांगायचं राहिलं. निरोपानंतरच्या बैठकीत समितीने अखेर हिंमत केली आणि चुलबंदपलीकडच्या गावाशी अदलाबदल पक्की झाली. आपण दिलं ते राखीव पोरगं. मिळाला त्यांचा डावा कोपरा, चाळिशीला टेकलेला, जो त्यांना कसाही करून काढायचाच होता. मॅटची गोष्ट कोणी काढली नाही. सचिव खूश आहेत. दोन्ही कोपरे आता अनुभवी झाले.

परवा कोषाध्यक्ष आमच्या दारी आले, काखेत पावतीपुस्तक. नवी मॅट घ्यायची आहे, म्हणाले, भाऊ तुमचं नाव वर धरलंय. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पोराबाळांची विचारपूस केली. म्हटलं, वर्गणी तर देणारच, त्यात दुमत नाही. फक्त रोवणी होऊ द्या.